कापसाच्या कडेकडेनं

थंडी पडली की सुरतेच्या आमच्या गल्लीत ती वांगी येतात. पांढरट हिरवी, लांबट, तेल लावल्यासारखी चमकणारी. गाडीवाला ओरडतो, "जळगावनां रींगणां!" आणि खोल्याखोल्यांतून खानदेशातल्या बाया हातातलं काम टाकून बाहेर येतात. मीही जाते. साडीवर टिकल्या चिकटवायचं काम चाललेलं असतं, बोटांना गोंद असतो, तशाच बोटांनी वांगं दाबून बघते. बाकीच्यांच्या डोक्यात भरीत शिजायला लागलेलं असतं. कोणाच्या गच्चीवर करायचं, भाजायला कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या इथं कुठून आणायच्या, गॅसवर भाजलेल्या वांग्याला काय चव येणार, असं सगळं. मला मात्र आधी कापसाचा वास येतो. घरात भरलेल्या कापसाचा, कोरडा, नाकात बसून राहणारा. आणि मग एक पाऊल दिसतं. म्हाताऱ्या माणसाचं डावं पाऊल, टाचेला भेगा पडलेलं, अंगठा जमिनीला घासत निघालेलं.

"काय वं, नुसती बघत उभी राहिली? घ्यायची का नाही?" शेजारीण विचारते.

घेते. भरीतही करते.

माझं माहेर शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. शाळा आठवीत सुटली. सुटली म्हणजे वेचणीचे दिवस आले आणि मी कापसात गेले ती परत वर्गात गेलेच नाही. मग जळगावजवळ असोद्याला दिलं. तिथली बोली वेगळी. मी 'आहे'ला 'शे' म्हटलं की सासरची माणसं हसायची. म्हणून मी कमी बोलायची. सासऱ्यांशी तर मुळीच नाही. आमच्यात सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही, पदर कपाळाच्या खाली असतो. सासूबाई होत्या तोवर त्यांच्या तोंडून निरोप जायचा. त्या गेल्यावर, आणि हे सुरतेला कारखान्यात लागल्यावर, घरात मी आणि सासरे, म्हणजे आबा, असे दोघंच राहिलो. मग मी दाराशी बोलायला लागले. "चहा झालाय," असं मी दाराला सांगायची आणि दार ते आबांना सांगायचं. आबाही खांबाकडे बघून म्हणायचे, "साखर कमी टाकली वाटतं आज." कितीतरी महिने आमचा संसार असा दाराखांबांवर चालला. कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही.

त्या वर्षी दिवाळी सरली आणि आबांच्या हातातला तांब्या सुटला. ओसरीवर बसले होते. पाणी सगळीकडे झालं आणि ते त्या पाण्याकडे नुसते बघत राहिले, जणू दुसऱ्याच कोणाचा तांब्या पडला होता. तोंडाची डावी बाजू ओघळली. मी पहिल्यांदा त्यांना थेट हाक मारली ती तेव्हा. गल्ली गोळा झाली. एक म्हणाला वारं गेलं अंगावरून, एक म्हणाला कांदा हुंगवा, एकाला कुठला तरी तेल चोळणारा माहीत होता. कोणीतरी शहाण्यानं जीप आणली आणि जळगावला नेलं म्हणून जीव वाचला. त्या माणसाचं नावही मला नंतर आठवेना, पण आजही देवापुढं हात जोडले की तो असतो.

आबा घरी आले ते खाटेवर. डावा हात, डावा पाय, दोन्ही असून नसल्यासारखे. भेटायला माणसं यायला लागली. आमच्याकडं आजारी माणसाला भेटायला जाणं हे कामच असतं, वेचणीतून वेळ काढून माणसं येतात. आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य. "आता पडून राहा, आबा. लय केलं जन्मभर. आता कायले उठता?" किती माया होती त्या बोलण्यात! मला तेव्हा ती मायाच वाटली. आता तेच वाक्य आठवलं की तोंड कडू होतं.

मोठे दीर जळगावला नोकरीत. ते आणि जाऊबाई आबांना दवाखान्यात व्यायामाच्या खोलीत घेऊन जायचे, मी सोबत. तिथं दोन आडव्या नळ्या, मधून चालायचं, समोर भिंतभर आरसा. शिकवायला एक मॅडम होत्या, धुळ्याच्या, अंगानं काडी, पण आवाज बाजारातला. त्यांनी आबांना पहिल्याच दिवशी उभं केलं. मी तर डोळेच मिटून घेतले. मला सगळ्याचीच भीती वाटते, तेव्हाही वाटायची. माणूस उभा राहिला की मला तो पडलेला दिसतो.

"पाय गेलेला नाही, आबा," मॅडम म्हणाल्या. "पाय जागेवर आहे. डोक्यातला त्याचा रस्ता बंद झालाय. पुन्हा पुन्हा गेलं की नवी पायवाट पडते. पण रोज जावं लागेल. घरी. आत्ता, या महिन्यांत."

शेतात बांधावरून रोज गेलं की वाट पडते, हे आबांना कोणी शिकवायला नको होतं. त्यांनी मान हलवली.

"घरी कोण करून घेणार?" मॅडमनी विचारलं.

दीर जाऊबाईंकडं बघायला लागले, जाऊबाई माझ्याकडं, आणि मी फरशीकडं. घरी माझ्याशिवाय कोण होतं? मॅडम मला म्हणाल्या, "या इकडे, ताई. कमरेला धरा त्यांना."

आबा ओरडलेच. तोंड वाकडं असून शब्द मात्र सरळ आला. "सून हात लावीन? त्यापेक्षा मी मेलेलो काय वाईट!"

खोलीतली बाकीची माणसं वळून बघायला लागली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मॅडम काही रागावल्या नाहीत. त्यांनी खुंटीवरचा एक रुंद पट्टा काढला, आबांच्या कमरेला बांधला आणि मागचं टोक माझ्या हातात दिलं. "हात नका लावू. पट्टा धरा. हा सगळ्यांनाच बांधतो आम्ही, तोल गेला तर सावरायला. आणि हे बघा, पदर इतका खाली असेल तर त्यांचं पाऊल कोण बघणार? मी?"

आबा आरशात बघत होते. मग त्यांनी तोंड भिंतीकडं वळवलं आणि भिंतीला म्हणाले, "घे मागं पदर. पाऊल बघायचं म्हनता ना त्या."

घरी मी खाटेची जुनी नवार दुहेरी शिवून पट्टा केला. तेवढ्या वीतभर नवारेनं आमची लाज राखली. मी माणसाला धरत नव्हते, नवार धरत होते. आबांना सून चालवत नव्हती, पट्टा चालवत होता. हसू येतं आता, पण त्या पट्ट्याशिवाय त्या माणसानं खाट सोडली नसती, हे मी कोणाचीही शपथ घेऊन सांगेन.

आणि कापूस. त्या मोसमात भाव बरा नव्हता म्हणून सगळ्यांचाच कापूस घरात पडून होता. आमच्या मधल्या घरात तर आढ्यापर्यंत ढीग. भिंतीलगत एक बोळ तेवढी राहिलेली. उजवीकडं भिंत, डावीकडं कापूस. माझ्या भित्र्या डोक्याला तिथंच सुचलं की चालवायचं तर इथं. उजवा हात धड, तो भिंतीला. डावं अंग लुळं, ते कापसाकडं. पडले तर कापसात पडतील. पडलेही. एकदा अख्खे आत गेले, फक्त टोपी वर. मी पट्टा ओढत रडायला लागले आणि आतून आवाज आला, "रडू नको वं. जन्मभर पिकवला, आज पयल्यांदा त्याच्यावर झोपलो."

ते पहिलं वाक्य, जे ते दाराला, खांबाला, भिंतीला न बोलता मला बोलले.

कापसात बारीक किडे असतात, अंगाला खाज सुटते. आम्ही दोघंही खाजवत चालायचो. आधी नुसतं बसणं, खाटेच्या कडेला, पाय जमिनीवर टेकवून. खाट बुटकी, म्हणून तिच्या पायांखाली विटा. मग उठणं. आपण उठतो तेव्हा काय करतो हे आपल्याला ठाऊकच नसतं. आधी डोकं पुढं जातं, नाक पावलांच्या पुढं, मग कंबर सुटते. आबा मागं रेलून उठायला बघायचे आणि धपकन बसायचे. "नाक पुढं, आबा," मी म्हणायची. "नाक कापलं गेलं कवाच, आता पुढं काय आनि मागं काय," ते म्हणायचे, आणि उठायचे. मग नुसतं उभं राहून डाव्या पायावर भार टाकणं. हे सगळ्यात कठीण. लुळ्या पायावर माणसाचा विश्वासच राहत नाही. तो आपला आहे हेच विसरायला होतं. मॅडमनी सांगितलं होतं, त्या पायावर भार दिलाच नाही तर तो कायमचा परका होईल.

मग पाऊल. पाऊल पुढं पडताना पंजा लोंबायचा, अंगठा घासायचा. त्यासाठी एक पांढरी कडक पट्टी मिळाली, पोटरीमागून तळव्यापर्यंत, ती घालून वर बूट. जन्मात चपलेपलीकडं न गेलेले आबा बूट घालून कापसाच्या कडेनं चालायचे. "साहेब झालो," म्हणायचे. मी पट्टा फार आवळून धरायची. एक दिवस वैतागले. "कासरा ढिला सोड वं जरा. म्हातारा बैल हाये, पळून कुठी जाईन?"

माझ्या तोंडून घाबरल्यावर माहेरची बोली निघायची. "आबा, तठे उंबरा शे!" असं ओरडले की ते मुद्दाम थांबायचे. "काय शे?" विचारायचे. मग हसायचे, आणि हसताना त्यांच्या तोंडाची डावी बाजूही किंचित हलायची. मी ते मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, मग रोज बोला की तुमच्या भाषेत.

आईला फोनवर सगळं सांगितलं. मला वाटलं ती शाबासकी देईल. ती म्हणाली, "सासराले असं धरस का कोनी? बठ्ठा गाव हासी. तुन्हा सासरा शे तो, बाप नही." मी फोन ठेवला आणि आबांची चालायची वेळ झाली होती म्हणून उठले. राग यायलाही सवड नव्हती तेव्हा.

एक सकाळ मात्र माझ्याजवळ जपून ठेवलेली आहे. मागच्या अंगणात पऱ्हाट्यांवर वांगी भाजून, स्वयंपाकघरात बसून मी ठेचत होते, मिरच्यांचा ठसका लागलेला, डोळ्यांत पाणी. आणि दाराशी खाकरल्याचा आवाज आला. सासरा स्वयंपाकघराकडं यायचा तर आधी खाकरतो, सुनेनं पदर घ्यावा म्हणून. माझा हात सवयीनं डोक्याकडं गेला. आणि अर्ध्यावरच थांबला. खाट तर पार पुढच्या घरात होती. मधे उंबरा होता, कापसाची बोळ होती. आबा दारात उभे होते, उजव्या हातात चौपायी काठी, कमरेला पट्टा, आणि पट्ट्याचं टोक मागं नुसतं लोंबत होतं. कोणीच धरलेलं नव्हतं.

"वास आला," एवढंच म्हणाले.

मी त्यांना तिथंच पाटावर, नव्हे, पाटावरून उठता आलं नसतं, उंच स्टुलावर बसवून कळण्याची भाकरी आणि भरीत वाढलं. सासऱ्यासमोर डोक्यावर पदर न घेता जेवण वाढणारी असोद्यातली मी पहिलीच असेन. देवानं माझ्याकडून एक काम धड करून घेतलं, असं त्या दिवशी वाटलं. अजूनही वाटतं.

मग आम्ही घराबाहेर निघालो. गल्लीत खाचखळगे, कुत्री, मोटारसायकली, म्हणून बाहेर पट्टा हातात हवाच. मॅडमनीच सांगितलं होतं, घरातली सपाट जमीन म्हणजे जग नव्हे. आबा पुढं, मी मागं पट्टा धरून. ओट्यावर बसलेले चुलतसासरे, सगळे त्यांना नाना म्हणतात, ते ओरडले, "काबर हो आबा, सुनेनं दावं बांधलं वाटते तुमाले!"

ओटा खदखदला. आबा थांबले. वळणं त्यांना अवघड जायचं, तरी छोटी छोटी पावलं टाकत पूर्ण वळले. "दावं कामाच्या बैलाले बांधता, नाना. तुले कोनी कधी बांधलं का?"

ओटा पुन्हा हसला, यावेळी नानांना. आबांनी ते तिथंच उडवून लावलं. पण असल्या गोष्टी तिथं संपत नाहीत. त्या बसनं जळगावला जातात, कचेरीच्या चहापर्यंत पोचतात. पुढच्या रविवारी मोठे दीर आले ते चाकाची खुर्ची घेऊन. कोरी, चकचकीत, प्लॅस्टिकही न काढलेली.

"बापाला दावं बांधून गल्लीत फिरवतात म्हणे," ते माझ्याकडं न बघता बोलले. "पोरं काय मेली आहेत का?"

"अरे, तो पट्टा त्या मॅडमनीच..." आबा म्हणाले.

"आबा, तुम्ही आता कष्ट करायचे नाहीत. बस्स."

त्यांचा आवाज भरून आला होता. ढोंग नव्हतं त्यात. आठवलं की मला तेच जास्त लागतं. खोटा माणूस असता तर मी भांडले असते.

मग कापूस गेला. गाडी भरली, मधलं घर रिकामं झालं, झाडून काढलं तर किती मोठं दिसायला लागलं ते घर! पडायला कुठंच मऊ उरलं नाही. तेवढ्यात यांचा निरोप आला, इथं सुरतेत खोली मिळाली, ये. एकट्या माणसाचे जेवणाचे हाल होते, तेही खरंच होतं. दीर म्हणाले आबा आमच्याकडं राहतील. गावाला ते पटलं, भाऊबंदांना पटलं. मला कोणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तरी काय सांगणार होते? मी नवार धुऊन, घडी करून जाऊबाईंच्या हातात दिली. सगळं समजावलं. त्यांनी मान डोलावली आणि ती पिशवीच्या तळाशी ठेवली.

फोन व्हायचे. जाऊबाई अभिमानानं सांगायच्या, "काही काळजी करू नकोस. आबांना आम्ही जागचं हलू देत नाही. पाण्याचा ग्लाससुद्धा तोंडाशी."

"चालतात का?"

"चालायचं कशाला बाई? चार माणसं आहोत ना घरात."

मी त्या मॅडमना फोन केला. त्या जाऊनही आल्या बिचाऱ्या, दवाखाना सुटल्यावर. चहा झाला, दिरांनी आदरानं ऐकून घेतलं, "बघतो" म्हणाले. मॅडम मला म्हणाल्या, "ताई, आलेली चाल न वापरता ठेवली तर राहत नाही. पाय आखडत जाईल." आणि पुढं म्हणाल्या, "त्यांना वाटतं मी म्हाताऱ्याचा छळ करायला सांगते."

इथं टिकल्या चिकटवताना मी फार विचार करते. हातांना काम असतं, डोकं मोकळं असतं. आपल्याकडं माणूस आवडता झाला की त्याला बसवतात. देवाला बसवतात, नवरदेवाला बसवतात, म्हाताऱ्याला बसवतात. ज्याला उठावं लागतं तो गरीब, ज्याला उठावं लागत नाही तो सुखी. मग ज्याला उठायचं आहे त्यानं कुठं जायचं? लंगडत, घामेजून, पट्टा बांधून, घरच्या बाईच्या भरवशावर चालणारा बाप बघितला की गावाला मुलांचं पाप दिसतं. आणि पांढऱ्याशुभ्र धोतरात, पावडर लावून, खुर्चीत निश्चल बसलेला बाप दिसला की पुण्य. राग कोणावर काढावा, माणूस सापडत नाही. सगळेच चांगले. सगळ्यांनी मिळून, प्रेमानं, एका माणसाचे पाय काढून घेतले.

या थंडीत पुतणीचा साखरपुडा होता, म्हणून यांच्यासोबत जळगावला गेले. आबा बैठकीत खुर्चीवर मधोमध. अंग सुटलेलं, नखं नीट कापलेली, कपड्यांना इस्त्री. पाहुणे येऊन पाया पडत होते आणि दिरांना म्हणत होते, सेवा करावी तर अशी. मीही वाकले. हात पावलांना लागला. डावं पाऊल आत वळलं होतं, बोटं गोळा झालेली, टाच खुर्चीच्या पाटीला टेकतच नव्हती. मी ती हळूच दाबून बघितली. ती खाली आली नाही. गुडघा सरळ करून बघितला. आबांनी दात आवळले.

पाहुणे जेवायला बसले तेव्हा बैठकीत आबा आणि मी, दोघंच उरलो.

"आबा," मी म्हटलं, "दार लावते. भिंतीला धरून एकदा उभं राहून बघू. मी आहे ना."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत काहीतरी हललं. मला वाटलं नाक पुढं येईल, आता कंबर सुटेल. मी हातही पुढं केला, नुसता हात.

"नको," ते म्हणाले.

"दुखतं म्हणून?"

"दुखन्याचं काय." आवाज अगदी खाली गेला. "आज उभं केलं, तर उद्या पुन्हा उभं राहावंसं वाटीन. परवा वाटीन. तू जाशीन सुरतेले. मंग ते वाटनं घेऊन मी कुठी जाऊ?"

आतून जाऊबाईंची हाक आली. फोटो काढायचा होता. सगळे आबांच्या भोवती उभे राहिले, मलाही एका टोकाला ओढलं. दीर खाली बसून आबांच्या पायाशी, हात त्यांच्या गुडघ्यावर. "आबा, हसा!" कोणीतरी म्हणालं. आबा हसले. उजव्या बाजूनं.

गाडीत बसेपर्यंत फोटो घरच्या ग्रुपवर आला होता. खाली एकेकाचे निरोप. भाग्यवान आबा. अशी मुलं सगळ्यांना मिळोत. जोडलेले हात, जोडलेले हात, जोडलेले हात. हे शेजारून म्हणाले, "तू काही टाकलं नाहीस. बरं दिसत नाही."

मी फोटो मोठा करून आबांचे पाय बघायला गेले. ते फोटोत आलेच नव्हते.

मग मीही हात जोडलेले पाठवले.